आधी घर पाहा, मग माशी

काळं-पिवळं काही घोंगावत घरात शिरलं की आपला एक हात चपलेकडे जातो आणि दुसरा फवाऱ्याच्या डब्याकडे. मारलेला किडा बहुतेक वेळा भुंगा निघतो, म्हणजे ज्याला भ्यायचं काही कारणच नव्हतं असा. त्याच इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लोंबत असतं आणि त्याच्या सावलीत पोरं क्रिकेट खेळत असतात. कुठे घाबरायचं आणि कुठे नाही, याचा हिशेब असा उलटा झालेला जळगाव-धुळ्याकडे जागोजागी दिसतो. त्यात निष्पाप किडे मरतात आणि माणसंही मरता मरता वाचतात, कधी वाचतही नाहीत. म्हणून ओळख कशी पटवायची ते इथे नीट सांगतो.

रंगावर जाऊ नका. काळा-पिवळा रंग या सगळ्या कुळाचा गणवेश आहे आणि नांगी नसलेले कितीतरी किडे तोच घालून फिरतात. आकारही फसवतो, कारण आपल्याकडचा सर्वांत मोठा घोंगावणारा किडा सर्वांत गरीब आहे. आधी एवढंच पाहा, की ही माशी एकटी राहणारी आहे की कुटुंब करून राहणारी. एकट्या मादीने घरासाठी लढून जीव दिला तर तिची पिल्लं उपाशी मरतात, वंश तिथेच थांबतो. म्हणून ती लढत नाही, उडून जाते. कुटुंबात मात्र अंडी घालणारी राणी वेगळी आणि राबणाऱ्या कामकरी माशा वेगळ्या. दहा-वीस कामकरी माशांनी जीव दिला तरी घर टिकतं. त्यामुळे जी माशी घरकुटुंबवाली, तीच घराजवळ गेल्यावर अंगावर येते. फुलावर बसलेली मधमाशी आणि मोहोळावर बसलेली मधमाशी एकाच जातीची असली तरी आपल्यासाठी ती दोन वेगळी जनावरं आहेत.

भुंगा

हल्ली शाळकरी मुलं भुंग्याला ‘बंबलबी’ म्हणतात. पुस्तकांतून आणि कार्टूनमधून तेच नाव त्यांच्यापर्यंत पोचतं. पण खरी बंबलबी ही थंडीची माशी आहे. अंगभर लोकरीसारखी लव असलेली ही माशी भारतात हिमालयात आणि ईशान्येकडच्या थंड डोंगरांत राहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या भुसावळात ती टिकणार नाही. आपल्या अंगणात दिसतो तो लाकूड कोरणारा भुंगा, सुतारी करणाऱ्या माशांच्या कुळातला. दोघांत फरक करायचा तर पाठीमागचा भाग पाहावा. बंबलबीचं पोट केसाळ असतं. आपल्या भुंग्याचं पोट गुळगुळीत, काळंभोर आणि चकचकीत असतं, आणि पंखांवर ऊन पडलं की निळी-जांभळी झाक मारते. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, उडण्याचा आवाज एखाद्या लहान मोटारीचा. या आवाजामुळेच माणसं घाबरतात.

तोंडासमोर येऊन हवेत थबकणारा, पुन्हा मागे सरकून पुन्हा समोर येणारा भुंगा बहुतेक वेळा नर असतो. तो आपल्या जागेची राखण करतो आहे, दुसऱ्या नराला हुसकावतो आहे, आणि तुम्हालाही तोच न्याय लावतो आहे. त्याला नांगीच नसते. नांगी हा अंडी घालायच्या अवयवातून घडलेला भाग आहे, म्हणून मधमाशी, गांधीलमाशी, भुंगा या साऱ्यांत ती फक्त मादीला असते. काही जातींतला भुंग्याचा नर पिवळसर तपकिरी असतो, मादी काळी आणि पाठीवर पिवळी लव असलेली, त्यामुळे लोकांना ते दोन वेगळे किडे वाटतात. मादीला नांगी असते खरी. पण ती मुठीत पकडली, कपड्यात चेंगरली किंवा तिच्या बिळात बोट घातलं तरच तिचा उपयोग करते.

तिचं घर ओळखायला सोपं आहे. वाळलेल्या लाकडात बोट जाईल एवढं, कंपासने आखल्यासारखं गोल छिद्र आणि त्याच्या बरोबर खाली पडलेला ताजा भुसा. धाब्याच्या जुन्या घरांचे सर, गोठ्याचे वासे, मांडवाचे बांबू, शेवग्याची सुकलेली फांदी, केळीला टेकू म्हणून दिलेला पोकळ बांबू ही तिची आवडती ठिकाणं. ती लाकूड खात नाही, नुसतं कोरते. आत पराग आणि मकरंदाचा गोळा करून ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुशाच्या लगद्याने पडदा बांधते आणि पुढच्या खोलीला लागते. वाळवी लागली असं समजून औषध मारणारे लोक आहेत. वाळवी लाकूड आतून पोखरून मातीने भरते, त्यावर मातीच्या नळ्या दिसतात. भुंग्याचं बीळ स्वच्छ आणि एकटं असतं. एखाद्या सरात एक-दोन बिळं असली तर घर पडत नाही. वर्षानुवर्षं त्याच सरात पिढ्या वाढत गेल्या तर लाकूड कमजोर होऊ शकतं. तेव्हा बीळ रिकामं झाल्याची खात्री करून ते लाकडाच्या खुंटीने बुजवावं आणि वरून रंग किंवा तेल द्यावं. रंगवलेलं लाकूड तिला आवडत नाही. शेताच्या बांधावर जुना बांबू किंवा वाळका ओंडका पडू दिला तर ती घराकडे कमीच वळते.

आता हे सगळं जपून का करायचं, तेही सांगतो, कारण यात आपला स्वार्थ आहे. बामणोदच्या बाजूचं भरिताचं वांगं ही जळगावची ओळख आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. वांग्याच्या फुलात पराग उघडे नसतात. पिवळ्या परागकोशांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, आणि पराग त्या छिद्रांतून झडायला फूल एका ठरावीक तऱ्हेने थरथरावं लागतं. वाऱ्याने थोडं काम होतं. भुंगा मात्र परागकोश घट्ट धरतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग भुरभुर खाली पडतात. कान देऊन ऐकलं तर फुलावर बसताच त्याचा आवाज बदललेला, एकदम चढलेला कळतो. टोमॅटोचंही असंच आहे. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. निळ्या पट्ट्यांची एक छोटी एकांडी माशी असते, मातीच्या भिंतीत घर करणारी, तिला जमते. तीही आपण ‘काहीतरी चावणारं’ म्हणून मारतो. खानदेशातल्या माळावर, गावकुसाला उगवणारी रुई तर जवळजवळ भुंग्याच्याच भरवशावर फळते. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालणाऱ्याने भुंग्यावर चप्पल उचलू नये, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

गांधीलमाशी

गांधीलमाशी म्हणताना आपण निदान तीन वेगळ्या माशांबद्दल बोलत असतो. त्यातली एक पुरती निरुपद्रवी, एक मधली, एक गंभीर.

निरुपद्रवी ती कुंभारीण आणि तिची मातीकाम करणारी चुलत भावंडं. दाराच्या चौकटीवर, देवघराच्या कोपऱ्यात, वह्यांच्या कपाटामागे ती ओल्या मातीचे गोळे आणून घर लिंपते. एका जातीचं घर तर अगदी इवलंसं मडकं, वर नीट वळलेला काठही असतो. त्यात ती बेशुद्ध केलेल्या अळ्या भरते. दुसरी लांब दोऱ्यासारख्या कंबरेची, तिच्या मातीच्या खोल्यांत कोळी सापडतात. या माशा एकट्या राहतात, घर बांधून, अन्न भरून, तोंड लिंपून निघून जातात. नको असेल तर मातीचं घर खरवडून टाकलं तरी कोणी अंगावर येत नाही. पण कपाशीवरच्या अळ्या उचलून नेणारी ही बाई घरात राहिली तर बिघडलं कुठे?

मधली म्हणजे कागदी घर करणारी गांधीलमाशी. लाकडाचा तंतू चावून, लाळेत कालवून ती राखाडी कागदासारखं पोळं करते. ते एका बारीक देठावर छत्रीसारखं उलटं लोंबतं आणि खालून षटकोनी खोल्यांची तोंडं उघडी दिसतात. त्यात मध नसतो. ही माशी सडपातळ, कंबर चिमटीत धरल्यासारखी, अंग जवळजवळ केसरहित. रंग पिवळसर किंवा लालसर तपकिरी. उडताना मागचे लांब पाय खाली लोंबतात, हीच लांबून पटणारी सर्वांत सोपी खूण. मधमाशी उडताना पाय पोटाशी घेते, आणि तिच्या मागच्या पायांवर परागाची पिवळी गोळी दिसते. गांधीलमाशीला परागाची गोळी कधीच नसते, कारण तिची पिल्लं पराग खात नाहीत, अळ्या खातात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी याच कुळातल्या एका लहान तपकिरी माशीचा अनेक दशकं अभ्यास केला आहे. ते आणि त्यांचे विद्यार्थी प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन तिची ओळख ठेवतात आणि पोळ्याजवळ बसून कोण काय करते याची नोंद घेतात. जवळ बसता येतं, मात्र घर हलता कामा नये. आपल्याकडे नेमकं तेच होतं. केळीच्या बागेत वाळलेल्या, खाली लोंबणाऱ्या पानाच्या आतल्या बाजूला ही पोळी असतात. पानं कापताना, घड उतरवताना पान हिसकलं की पोळं हलतं आणि डंख थेट तोंडावर, मानेवर बसतो. लिंबाच्या बागेत फांद्यांच्या आत हात घालताना, ठिबकच्या पेटीचं झाकण उघडताना, बंद पडलेल्या मोटारीच्या पेटीत हात घालताना हेच. म्हणून रावेर, यावल, चोपड्याकडच्या बागायतदारांना माझी सूचना आहे की कापणीच्या आधी एका माणसाने काठी न लावता, नुसत्या डोळ्यांनी ओळी पाहून घ्याव्यात. पोळं दिसलं त्या झाडाला लाल चिंधी बांधावी आणि ते झाड सर्वांत शेवटी घ्यावं. मजुराला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला उपरणं असावं. पोळं वाटेत नसेल तर राहू द्यावं, त्या माशा बागेतल्या अळ्याच वेचत असतात. वाटेत असेल तर सुरुवातीलाच पाहावं. नवं पोळं अंगठ्याएवढं असताना त्यावर एक-दोनच माशा असतात, तेव्हा जागा बदलायला लावणं सोपं. ताटाएवढं झाल्यावर जाणत्या माणसाशिवाय हात लावू नये.

गंभीर ती मोठी गांधीलमाशी, इंग्रजी पुस्तकांतली हॉर्नेट. आपल्या कोरड्या मुलखात दिसणारी जात लालसर विटकरी अंगाची, तोंड पिवळं आणि पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली असते. दुसरी एक जात काळी, पोटाचा पुढचा भाग तेवढा पिवळा-केशरी. दोन्ही भुंग्याएवढ्या लांब, पण भुंगा गोल, लठ्ठ आणि काळा, तर ही लांबट, तुकतुकीत, कंबर स्पष्ट आणि जबडा मोठा. भुंगा फुलावर भेटतो. ही रसवंतीच्या चोथ्यावर, मिठाईच्या दुकानात, गुळाच्या भेलीवर, मटणाच्या खाटकाकडे, पिकून फुटलेल्या फळावर आणि मोहोळाच्या दारात भेटते. विटकरी जात कडक उन्हाला मुळीच डरत नाही, उलट भर दुपारी तिचं काम जोरात असतं. तिच्या पोटावरच्या पिवळ्या पट्ट्यात सूर्यप्रकाश शोषून घेणारं रंगद्रव्य आहे, असं तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं. म्हणजे ज्या वेळी आपण दारं लावून आडवे होतो, त्या वेळी ती कूलरच्या पाण्यावर असते.

तिचं घर बहुधा दिसत नाही, आणि धोका त्यातच आहे. जमिनीतलं उंदराचं जुनं बीळ, पडक्या भिंतीची पोकळी, जिन्याखालची भेग, अशा जागी आत कागदी मजले रचलेले असतात आणि बाहेर एकच भोक. एखाद्या भोकातून दर मिनिटाला माशा आत-बाहेर करताना दिसल्या तर तिथून गुपचूप बाजूला व्हा. भोकात पाणी ओतू नका, रॉकेल ओतून पेटवू नका, दगडाने बुजवू नका. बुजवलेल्या भोकातल्या माशा घराच्या आतल्या भेगेतून खोलीत उतरतात.

मोहोळं

मधमाशा आपल्याकडे चार प्रकारच्या भेटतात. घर पाहिलं की त्या वेगळ्या करता येतात. लिंबा-बोरीच्या फांदीला गुंडाळलेलं, तळहाताएवढं एकच पोळं ते फुलोरी माशीचं. अंगावर लाल-पांढरे पट्टे, माशी लहान, स्वभाव नरम. झाडाच्या ढोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात अंधारात अनेक पोळी समांतर लावलेली ती सातेरी, पेटीत पाळतात ती. भिंतीच्या भेगेतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली आणि तिथे चिलटाएवढ्या काळ्या माशा असतील तर ती पोयाची माशी. तिची नांगी निकामी असते. अगदी छेडलीच तर केसांत शिरते, चिमटे घेते.

चौथी आग्या. उघड्यावर, उंचावर, एकच एक मोठं पोळं, कधी मीटरभर रुंद. वडा-पिंपळाची आडवी फांदी, उंच चिंच, पाण्याची टाकी, पूल, बँकेच्या इमारतीचा छज्जा, जुनी विहीर, किल्ल्याचा कडा. माशी जवळपास दोन सेंटिमीटर, सोनेरी-काळी. अजिंठ्याच्या लेण्यांचा कडा जळगावहून दूर नाही. तिथे या माशांनी पर्यटकांवर हल्ले केल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. पाटणादेवी, गौताळा, यावलचा सातपुडा किंवा लळिंगचा किल्ला चढणाऱ्यांनी कड्याखाली उभं राहून आधी वर पाहावं, ही सवय लावून घ्यावी.

आग्या मोहोळ तुम्हाला इशारा देतं. मोहोळावर माशांचा थर असतो. काही धोका वाटला की त्या एकापाठोपाठ एक पोट वर उचलतात आणि सगळ्या पोळ्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते. ही लाट मुळात मोठ्या गांधीलमाशीला दूर ठेवण्यासाठी आहे. मोहोळासमोर गांधीलमाशी घिरट्या घालू लागली की लाटांमागून लाटा उठतात आणि ती सहसा माघार घेते. सातेरीची रीत वेगळी. ती गांधीलमाशीला शेकडो माशांच्या गोळ्यात कोंडते आणि अंग थरथरवून त्या गोळ्याची उष्णता ४५ अंशांच्या पुढे नेते. मधमाशा ती सोसतात, गांधीलमाशी मरते. तर मुद्दा असा की आग्या मोहोळावर तुमच्या समोर लाट फिरली, तर ती तुमच्यासाठी आहे असं समजून पाय मागे घ्या. दगड, फटाके, ड्रोन, डीजेचा दणका, मोहोळाखाली पेटवलेली चूल किंवा चिता यांनी ते हमखास उठतं. मोहोळघार पोळ्यावर झडप घालून जाते आणि राग खालच्या माणसांवर निघतो, असंही घडतं. लग्नाचा मांडव किंवा दशक्रियेचा घाट ठरवताना वरची झाडं पाहून घ्यायला एक मिनिट लागतं. अत्तर, सेंट लावून मोहोळाजवळ जाणं टाळावं.

एक गोष्ट जळगावकरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. मधमाशी डंख मारते तेव्हा नांगीबरोबर एक गंध सुटतो आणि तो बाकीच्या माशांना ‘इथे मारा’ असं सांगतो. त्या गंधातलं मुख्य रसायन पिकलेल्या केळ्यातही असतं. मधपाळ पेटीजवळ केळं खात नाहीत ते याचसाठी. मोहोळाजवळ डंख बसला आणि पिकल्या केळ्यासारखा वास आला, तर दुसरा डंख येण्याआधी तिथून निघा.

निघायचं म्हणजे पळायचं. हात हलवून माशा उडवू नका, त्याने त्या वाढतात. सदरा, ओढणी, उपरणं डोक्यावरून ओढून नाक-तोंड झाका, वाटेपुरतं दिसू द्या आणि सरळ पळा. आग्या माशा शेकडो मीटर पाठलाग करतात, त्यामुळे थोडं पळून थांबणं कामाचं नाही. बंद खोली किंवा गाडी गाठा आणि काचा लावा. दोन-चार माशा आत आल्या तरी चालतील, बाहेर शेकडो आहेत. विहिरीत किंवा पाण्यात उडी मारू नका. माशा वर घिरट्या घालत थांबतात आणि माणूस श्वासाला वर आला की तोंडावर बसतात. शिवाय पोहता येत नसेल तर वेगळाच जीव जातो. लहान मूल किंवा म्हातारं माणूस पळू शकत नसेल तर त्याला घोंगडी, चादर, सतरंजीत पूर्ण गुंडाळा. रात्री मोहोळाजवळ विजेरी फिरवू नका, उठलेल्या माशा उजेडावर येतात.

मोहोळ काढायचंच असेल तर पेटवून काढू नका. जळत्या माशा खाली पडतात, आग पसरते, आणि उरलेल्या माशा दोन दिवस गल्लीत कोणालाही सोडत नाहीत. आग्या माशा ऋतूप्रमाणे ठिकाण बदलतात, फुलोरा संपला की बहुतेक मोहोळं आपणच उठतात. उंचावर असेल आणि खाली वर्दळ नसेल तर वाट पाहणं हाच सर्वांत स्वस्त उपाय. फांदीवर पोळ्याशिवाय नुसताच माशांचा घोस दिसला तर तो प्रवासातला मुक्काम असतो, तो काही दिवसांत उठतो. शाळा, दवाखाना, बाजार यांच्या डोक्यावर असेल तर महापालिकेच्या अग्निशमन दलाला, वन खात्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून प्रशिक्षित मधपाळाला बोलवा. मध काढताना माशा न मारता पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापण्याची पद्धत पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने शिकवलेली आहे. ही संस्था १९६२ पासून काम करते आहे. तशा पद्धतीने काम करणारा माणूस मिळाला तर त्यालाच द्या.

उगाच घाबरवणारे

काही किडे नुसता वेश घेतात. फुलावर हवेत स्थिर राहणाऱ्या पिवळ्या पट्ट्यांच्या फूलमाशीला पंखांची एकच जोडी असते, डोळे डोकंभर आणि मिशा अगदी आखूड. ती माशीच आहे, नांगी नाही. पंख पारदर्शक असलेला, दिवसा फुलांपुढे थरथरणारा हिरवट पतंग भुंग्यासारखा वाटतो, त्यालाही नांगी नाही. उकिरड्यावर जमिनीलगत घिरट्या घालणारी मोठी काळी केसाळ माशी, पोटावर पिवळे-नारिंगी डाग, ही शेणखतातल्या हुमणीसारख्या अळ्या शोधत असते. शेतकऱ्याने तिचं स्वागत करावं. तूर-भेंडीच्या फुलांवरचे काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे भुंगेरे चावत नाहीत, पण चिरडले तर कातडीवर फोड उठतात. ते बोटांनी वेचू नका.

कूलरवर येणाऱ्या माशा पाण्यासाठी येतात. घरापासून लांब, सावलीत, परातीत खडे घालून थोडं पाणी रोज ठेवा आणि कूलरची गळती बंद करा. आठ-दहा दिवसांत बहुतेक तिकडे वळतात. कपाशी फुलोऱ्यात असताना फवारणी सकाळी न करता संध्याकाळी करा, सकाळी फुलांवर माशा असतात.

डंख बसल्यावर

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती विषाच्या पिशवीसकट कातडीत राहते आणि पिशवी आकसत राहून विष सोडत राहते. जवळजवळ सगळं विष पहिल्या अर्ध्या मिनिटात उतरतं, म्हणून ती कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. नखाने ओरबाडा, चिमटीत धरा, काहीही करा, पण लगेच. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते, ती मागे राहत नाही आणि तीच माशी पुन्हा पुन्हा मारू शकते. जखमेत नांगी दिसली तर मधमाशी, न दिसली तर बहुधा गांधील, ही ओळख डॉक्टरलाही सांगा.

जागा साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, हातात अंगठी, बांगड्या, कडं असेल तर सूज यायच्या आधी काढा. चुना, तंबाखू, शेण, रॉकेल लावू नका. विष कातडीच्या आत असतं, वर लावलेला चुना त्याला पोचत नाही, उलट कातडी भाजते. एक-दोन डंखांची सूज दुसऱ्या दिवशी वाढलेली दिसली तरी ती सहसा दोन-तीन दिवसांत उतरते.

डंखाच्या जागेपासून दूर, अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, उलट्या झाल्या, चक्कर येऊन माणूस गळून गेला, तर ही जिवावरची ॲलर्जी आहे. ती एका डंखानेही होते आणि काही मिनिटांत वाढते. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचा दवाखाना गाठा. तिथे मांडीत दिलं जाणारं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हा खरा इलाज आहे, खोकल्याची किंवा ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. रुग्णाला आडवं ठेवा, पाय उंच करा, दम लागत असेल तर बसतं करा, एकदम उभं करू नका. तोंडाच्या आत किंवा घशात डंख बसला असेल तर, ॲलर्जी नसली तरी, सुजेने श्वास अडतो. रसाच्या ग्लासात, सरबतात माशी पडलेली असते, म्हणून उघड्यावर पिताना आत पाहून प्यावं.

आग्या माशांचे किंवा मोठ्या गांधीलमाशांचे पुष्कळ डंख एकदम बसले असतील, मुलाला तर त्याहून कमी बसले तरी, माणूस बोलता-चालता असला म्हणून घरी नेऊ नका. इतक्या विषाने स्नायू आणि रक्तपेशी तुटतात आणि त्यांचा भार मूत्रपिंडावर येतो. लघवी कमी होणं किंवा चहासारखी काळपट होणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतं. दवाखान्यात ठेवून रक्त-लघवी तपासून घ्यावी. ज्याला एकदा जिवावरची ॲलर्जी झाली आहे त्याने पुढे काय करायचं, जवळ कोणतं इंजेक्शन ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि घरातल्या, शेतात बरोबर असणाऱ्या माणसांनाही शिकवून ठेवावं.